नानांच्या मागे पुतळाबाईची सायकल

आमची कोळीण पुतळाबाई सत्तावन्नाव्या वर्षी सायकल शिकली. मनोरीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की वाळू ओली आणि घट्ट असते, तेवढ्या दोन तासांत शिकायची. सून कल्पिता मागून कॅरियर धरून धावायची. अकरा दिवस लागले. एकदा पुतळाबाई बोंबील सुकत घातलेल्या बांबूंवर जाऊन आदळली आणि शेजारणीचे बोंबील वाळूत पडले. तिने खाली बसून एकेक बोंबील झटकला, परत टांगला आणि मग पुन्हा सायकलवर बसली. मी विचारलं, एकूण किती वेळा पडलीस? ती म्हणाली, एकोणीस. स्वतःचं पडणं मोजून ठेवणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो.

सायकल बॅटरीची होती. मागे बर्फाची पेटी आवळून बांधलेली, पुढे कोयता, लाकडी ठोकळा आणि पाण्याची बाटली. उजवी मूठ पिळली की सायकल पुढे जायची. पायडल मारलं तरी जायची.

ती घेतली गुडघ्यांमुळे. तीस वर्षं पुतळाबाईने पंचवीस किलोची पाटी डोक्यावर वाहिली. सकाळी गावात बोट लागली की मासे घ्यायचे, होडीने खाडी ओलांडायची आणि बोरिवलीच्या बाजूला उतरून आमच्या सोसायटीपर्यंत चालत यायचं. रिक्षावाले माशांची पाटी घ्यायला नाक मुरडतात. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, पाटी तरी सोडा नाहीतर जिने तरी. मुलगा कृणाल ही सायकल घेऊन आला. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कल्पिताला विचारलं, ओहोटी किती वाजता हाय.

कोळणींची घरं ठरलेली असतात. एका कोळणीच्या घरासमोर दुसरी कोळीण पाटी उतरवत नाही. आमच्या जलतरंग सोसायटीच्या ए ते एफ या सहा विंगा पुतळाबाईच्या. तिच्याआधी तिच्या सासूच्या. सासू थकली तेव्हा तिने पुतळाबाईला एक अख्खा दिवस दारोदार फिरवलं, कोण काय खातं, कुणाच्या घरात कोणता वार पाळतात, कोणाला काटे चालत नाहीत, सगळं तोंडी सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः आली नाही. पुढे ही घरं कल्पिताची व्हायची. कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलं मी पाहिलं नाही.

तिच्याकडे मासे मागायचे नसतात. ती देईल ते घ्यायचे. माझ्या बायकोने, कुंदाने, एकदा हट्टाने सुरमई मागितली. पुतळाबाई म्हणाली, आजची सुरमई तुझ्याजोगी नाही, मांदेली खा. कुंदाने तणतणत मांदेली घेतली. जेवताना काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे चांगली झाली होती.

मी चौतीस वर्षं एका कारखान्यात फिटर होतो. बी विंगमध्ये तळमजल्यावर राहतो. पुतळाबाई माझ्या खिडकीसमोरच्या नळाजवळ मासे कापते, त्यामुळे तिचं काम मी जवळून पाहिलं आहे. एक घाव जिथे पुरतो तिथे ती दुसरा घालत नाही. खवले, आतडी सगळं पिशवीत भरून घेऊन जाते, फरशी धुते, मग पुढच्या विंगला निघते. सायकल आल्यावर तिचं साडेबाराला संपणारं काम साडेदहाला संपायला लागलं. ती गाणी म्हणायला लागली. आवाज चांगला नाही.

तीन महिने असे गेले. मग नानांचा अपघात झाला.

नाना एफ विंगचे. वय एक्याऐंशी. पोस्टमन होते. सकाळी एफ विंगपासून गेटपर्यंत आणि परत, अशा चार फेऱ्या घालायचे आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचे. डिसेंबरात पार्सल पोचवणारा एकजण बॅटरीच्या सायकलवरून सी विंगच्या वळणावर जोरात आला. या सायकलींना आवाज नसतो. नाना कोणाशी तरी बोलत मागे सरकले आणि धडकले. मनगट मोडलं. दीड महिन्याने प्लास्टर निघालं, पण नाना काही फिरायला निघाले नाहीत. विंगखालच्या बाकावर बसून राहायचे. पाय धड होते. मनच खचलं होतं.

जानेवारीत सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी विद्याधर कर्णिक, ए विंगचे, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. सगळं मुद्देसूद बोलतात. त्यांनी ठराव मांडला की बॅटरीवरची सायकल गेटच्या आत चालवायची नाही, हातात धरून आणायची. कारणं दिली. आवाज नाही, वेग आहे, आणि या बॅटऱ्या गरम होऊन पेट घेतात. ठराव चुकीचा नव्हता. नाना समोर मनगट धरून बसलेले. हात वर करा म्हटल्यावर एक्केचाळीस हात वर गेले. त्यात माझा होता. त्यातले निदान तीस लोक पुतळाबाईच्या हातचे मासे खातात. एकालाही तिची सायकल आठवली नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने तिला गेटवर उतरवलं. तिने नोटीस वाचून घेतली, भांडली नाही, आणि सायकल ढकलत आत आली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सायकल, पेटी, मासे, बर्फ मिळून पंचावन्न किलोच्या वर भरतं. गेटपासून एफ विंग तीनशे चाळीस मीटर, मी नंतर टेपने मोजलं. ए ते डी सपाट आहे. डी विंगनंतर नाल्यावरचा चढ लागतो. सपाटीवर ढकलणं गुडघ्याला जमतं, चढावर नाही. पहिल्या दिवशी तिने चढाच्या अर्ध्यावर दम खाल्ला. दुसऱ्या दिवशी सायकल मागे घसरली आणि पेटीचा कोपरा तिच्या मांडीला लागला. तिसऱ्या दिवशी ती डी विंगवरून परत फिरली.

ई आणि एफ मिळून तिची सव्वीस घरं. ती बिनमाशांची राहिली. शेजारच्या सोसायटीत गोराईची एक कोळीण येते. नानांच्या सुनेने, दीप्तीने, तिला गच्चीतून हाक मारून बोलावलं. तिने खालूनच हात जोडले आणि सांगितलं की ती पुतळाची घरं, मी नाही यायची. दीप्ती बाजारातून पापलेट घेऊन आली. नानांनी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. म्हणाले, हा मासा कुणी निवडलेला नाही, नुसता उचललेला आहे.

पुतळाबाईलाही ते सहन होईना. घरं उपाशी ठेवणं त्यांच्यात बरं मानत नाहीत. तिने मला खिडकीशी येऊन सांगितलं.

"होलीपर्यंत बगते. नाय जमला तर ई आनि एफ गोराईवालीला देऊन टाकते."

"कल्पिताचं काय?"

"दिलेली घरा परत मागत नाय कोनी."

एवढं बोलून ती मासे कापायला बसली. होळीला सहा आठवडे होते.

तिने आधी स्वतःच्या डोक्याने उपाय शोधला. तिच्या मते नोटिशीत खरी भीती आगीची होती. लोक तिच्या सायकलला वळसा घालून जायला लागले होते. पूर्वी माशांच्या वासाने नाकाला पदर लावणाऱ्या बायका आता बॅटरीकडे बघून दोन पावलं लांब राहायच्या. तिला हा अपमान वाटला. तिने मला विचारलं, उष्णतेनेच पेटते ना ही? मी हो म्हटलं. मग काय करायचं? मी कानस मारत होतो, मान वर न करता म्हणालो, थंड ठेव.

मी कमी बोलतो. त्या दिवशी चार शब्द जास्त बोलायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी ए विंगखाली गर्दी दिसली म्हणून गेलो. पुतळाबाई कर्णिकांसमोर उभी होती. चेहरा असा की जणू बक्षीस घ्यायला आली आहे. तिने पेटीचं झाकण उघडलं.

"ये, बग. आता कशी पेटते ती?"

वर पापलेटं, बाजूला कोळंबी आणि मधोमध बर्फात पुरलेली बॅटरी. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, पिशवीला पक्की गाठ. जी वस्तू बिघडू नये असं वाटतं ती कोळीण बर्फात ठेवते. आयुष्यभर तेच केलेलं. गेटवर बॅटरी किल्लीने सोडवून तिने पेटीत झोपवली होती.

कर्णिकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी बॅटरी बाहेर ओढली. गाठीतून थेंब गेला नव्हता. पण कोळंबीच्या टोकाने पिशवीला भोक पडलं होतं. जोडणीच्या खाचेतून खारं पाणी गळत होतं.

"हे कोणी सांगितलं तुला?" कर्णिकांनी विचारलं.

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा फिटरभाव म्हनला, थंड ठेव."

जमलेले सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शेवटी कर्णिकही हसले. त्यांच्या हसण्याचा आवाज मी बावीस वर्षांत तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

बॅटरी घेऊन मी स्वतः दुरुस्तीवाल्याकडे गेलो. चूक माझी, तर खेप माझी. त्याने बॅटरी नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघत राहिला. मी कारण सांगितलं नाही. आतलं सर्किट गेलं होतं, बाकी शाबूत होतं. दहा दिवस लागतील म्हणाला. ते दहा दिवस पुतळाबाई मेलेली सायकल पायडल मारत होडीपासून गेटपर्यंत आणायची आणि तिथून ढकलायची. एकही दिवस चुकवला नाही. गाणं मात्र बंद होतं.

बॅटरी परत आल्यावर मी कर्णिकांकडे गेलो. चहा झाला. मी म्हटलं, नानांना धडकलेला वेगळा होता. ते म्हणाले, मान्य, पण एकीला सूट दिली की उद्या पार्सलवाले दहाजण मागतील, त्यांना काय सांगू? हे बरोबर होतं. मग तेच म्हणाले की माणूस चालतो त्या वेगाने सायकल गेली तर त्यांची हरकत नाही. पण खात्री कोण देणार? हात आज हलका, उद्या जड.

मी म्हटलं, हाताची खात्री नाही देत, मुठीची देतो. मूठ ठरलेल्या जागेपुढे पिळलीच जाणार नाही असं करून देतो.

त्यांनी विचार केला. मग विचारलं, माणूस चालतो म्हणजे कोणता माणूस? माझं आणि तुमचं चालणं सारखं नाही.

आम्ही दोघेही एकाच वेळी नानांचं नाव बोललो. ठरलं ते असं. होळीच्या आधीच्या रविवारी नाना गेटपासून एफ विंगपर्यंत चालतील. पुतळाबाई पूर्ण वजन लादून, बॅटरीवर, त्यांच्या मागून येईल. सायकल नानांच्या पुढे गेली नाही, तर नियमात तिच्यापुरती दुरुस्ती. एकदा जरी पुढे गेली, तर विषय बंद. नाना बाकावरून उठतील असं कर्णिकांना वाटत नसावं. मलाही खात्री नव्हती.

मी नानांना विचारायला गेलो. त्यांनी मनगट चोळलं आणि नाही म्हटलं. त्यांच्या मागे बॅटरीची सायकल? नको. दीप्तीनेही मला डोळ्यांनी खुणावलं की सोडा.

मग पुतळाबाई गेली. सायकल खाली चढाच्या आधी लावली आणि लंगडत वर गेली. नानांच्या बाकावर शेजारी जाऊन बसली. हे मला दीप्तीने नंतर सांगितलं. पुतळाबाईने आधी ढोपर चोळलं. मग म्हणाली,

"नाना, तू उठला नाय तर माजी घरा गेली. तुजा बोंबील पन गेला."

"मला भीती वाटते गं."

"मना पन वाटायची. एकोनीस वेला पडले."

नानांनी विचारलं, कुठे पडलीस? तिने पदर सारून कोपर दाखवलं, मग ढोपराकडे बोट केलं. नानांनी मनगट दाखवलं. दोघं बराच वेळ एकमेकांची दुखणी बघत बसले होते, असं दीप्ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाना चढापर्यंत आले आणि परत गेले. तिसऱ्या दिवशी डी विंग. आठवडाभरात गेटपर्यंत.

माझं काम सुरू झालं. आधी मी खडूने पन्नास मीटरच्या दोन रेघा मारल्या आणि नानांचं चालणं न सांगता तीन दिवस मोजलं. छत्तीस सेकंद, सदतीस, छत्तीस. म्हणजे सायकलला पन्नास मीटरला अडतीस सेकंदांपेक्षा कमी लागता कामा नये.

जुन्या नळाचा पितळी नट होता. त्यातून मुठीवर बसणारी कडी केली. कडीत एक खाच, मुठीत एक खिळा. खाच जेवढी लांब तेवढी मूठ पिळणार. कडी एका स्क्रूने आवळायची, गेटबाहेर गेल्यावर सैल करायची. कल्पना सोपी आहे. घासणं सोपं नाही. खाच थोडी आखूड राहिली तर सायकल हलतच नाही, केसभर लांब झाली तर पळते. आणि घासलेलं परत भरता येत नाही. पहिली कडी मी घाईने घासली, एकोणतीस सेकंद आले. कडी फेकून दिली. दुसरी तीन दिवस घासली. चार वेळा कानस मारायची, बसवायची, तांदळाची पोती लादून पुतळाबाईला गेटबाहेरच्या गल्लीत चालवायला लावायची, काढायची, परत चार वेळा. तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस सेकंद आले. मी कानस खाली ठेवली.

आता तिचं काम उरलं. सायकल जोरात चालवायला काही लागत नाही. हळू चालवायला लागतं. आमच्याकडे प्रजासत्ताक दिनाला सावकाश सायकलची शर्यत असते, सर्वांत शेवटी पोचेल तो पहिला. तरणीताठी माणसं त्यात दहा मीटरवर पाय टेकतात. इथे साठीला आलेली बाई, मागे पंचवीस किलो. ती मनोरीला परत ओल्या वाळूवर गेली. कल्पिता पुढे चालायची, ही मागून. मी विचारलं, या वेळी किती वेळा पडलीस? म्हणाली, सहा.

रविवारी साडेआठला सगळी सोसायटी खाली किंवा गच्च्यांत होती. ई आणि एफची माणसं चढावर उभी. पेटी भरलेली होती, खऱ्या माशांनी, कर्णिकांनी ताणकाट्यावर वजन करून घेतलं. कडीचा स्क्रू त्यांनी स्वतः हाताने तपासला. नाना पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आले होते. पुतळाबाईने हिरवं लुगडं घट्ट कासून नेसलं होतं आणि केसांत अबोली माळली होती. कल्पिता पहिल्या होडीने आली होती, गेटला टेकून उभी. सव्वीस घरं तिची होती.

कर्णिकांनी खूण केली. नाना निघाले. ती मागून निघाली.

सुरुवातीला नाना फारच हळू चालत होते. सायकल डगमगायला लागली. पुढचं चाक डावीकडे, उजवीकडे. ए विंग गेली. बी विंगखाली कोणीतरी सवयीने विचारलं, काय नाना, बरं ना? आणि नाना सवयीने थांबले. उत्तर द्यायला. पुतळाबाईने ब्रेक दाबला आणि पाय टेकला. कर्णिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढे जायचं नाही एवढंच ठरलं आहे. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात कुंदाने खिडकीतून विचारलं, आज काय आणलंस गं?

"थांब गो, परीक्षा चालू हाय माजी."

हशा झाला. नानांचं बोलणं संपलं आणि ते निघाले.

सी विंगचं वळण आलं. तिथे नाना पुन्हा थांबले. या वेळी कोणी हाक मारली नव्हती. त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला. मागे पुतळाबाई थांबली होती, पूर्ण एक सायकल अंतर सोडून. पुढच्या माणसाला चाकाचा वारासुद्धा लागणार नाही एवढं.

"जा ना नाना," ती हळू म्हणाली. "मी मागंच हाय."

नानांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, अंतराकडे पाहिलं. मग पुढे पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्या पावलापासून त्यांची चाल बदलली. तीस वर्षं बटवडा केलेल्या माणसाची चाल ती, मी ती आधी कधी पाहिली नव्हती. खांदे पुढे, हात पोटाशी, पावलं आखूड आणि भराभर. डी विंगपर्यंत त्यांच्यात आणि सायकलीत वीस पावलं पडली.

चढ लागला. कडीने सायकलचा दम धरून ठेवला होता, वरून वजन. ती जवळजवळ थांबली. पुतळाबाईने मूठ होती तिथेच पिळून ठेवली आणि पायडलवर उभी राहिली. एक फेरा. दुसरा. तोंडाने ती काहीतरी पुटपुटत होती, देवाचं नाव असेल किंवा माझं. वर नाना चढ संपवून दिसेनासे झाले. दीप्ती गच्चीतून ओरडली की नाना, पळू नका. नाना पळत नव्हते. चालतच होते.

नानांनी एफ विंगच्या खांबाला हात लावला, वळले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. एकतीस सेकंदांनी सायकल आली. टाळ्या पडल्या त्या नानांना. पुतळाबाईनेही सायकल स्टँडला लावून टाळ्या वाजवल्या. नाना हसत होते, धापा टाकत होते, आणि डाव्या हाताने, मोडलेल्या मनगटाच्या हाताने, सगळ्यांना हात करत होते.

कर्णिक मोबाइलवरची वेळ दोनदा बघत आले.

"बॅटरीची सायकल एक्याऐंशी वर्षांच्या माणसाकडून हरली," ते म्हणाले. "यावर काय आक्षेप घेणार? सोमवारी नोटीस बदलतो."

आणि पुढे म्हणाले, "मला पापलेट ठेव गं."

"तुजा नंबर शेवटी," पुतळाबाई म्हणाली. "आधी ई आनि एफ."

सव्वीस घरं पातेली आणि ताटं घेऊन खाली आली होती. तिने ठोकळा मांडला. पहिले बोंबील नानांना दिले, मग दीप्तीच्या हातात जास्तीचे दोन टाकले. कोणाला काय द्यायचं ते तिला सहा आठवड्यांनंतरही तोंडपाठ होतं. कल्पिता शेजारी बसून कापत होती. पुतळाबाई मध्येच तिचा हात धरून घाव कुठे घालायचा ते दाखवायची. एफ विंगच्या प्रत्येक बाईला सांगत होती की ही माझी सून, हिला ओळखून ठेवा. साडेनऊला पेटी रिकामी झाली. कर्णिकांना पापलेट मिळालं नाही. मांदेली मिळाली.

सोमवारी नोटीस बदलली. कोळीणबाईंची सायकल कडी आवळून आत चालेल, वॉचमन कडी तपासेल, चालणाऱ्याच्या पुढे सायकल जाणार नाही. पार्सलवाले पूर्वीसारखेच गेटबाहेर उतरतील. मी ती दोनदा वाचली. सगळं मोजून लिहिलं होतं.

होळी झाली. त्यानंतरच्या बुधवारी पुतळाबाई माझ्या खिडकीशी आली. कडी काढून हातात धरली होती.

"फिटरभाव, जराशी घास ना ही. म्हातारा रोज माज्या पुढं जातो. वर उभा राहून हसतो."

मी कडी घेतली, उजेडात धरून खाच पाहिली. झीज नव्हती. कडी परत दिली आणि म्हटलं, घासलेलं परत भरत नाही.

तिने मला एक शिवी दिली. ती इथे लिहिता येणार नाही. मग कडी मुठीवर बसवली, स्क्रू आवळला, आणि गाणं म्हणत निघाली. नाना डी विंगच्या चढावर पोचले होते.